स्किनी जीन्स टाकण्याआधी घरातला टेप शोधा

ताई, नमस्कार.

मी नाशिकला राहते. वय ४४, एका पतसंस्थेत नोकरी. उंची पाच फूट एक इंच, वजन विचारू नका. कंबर त्या मानाने बारीक, पण सीट आणि मांड्या भरलेल्या, आणि पोटऱ्या मात्र काटकुळ्या. सिझेरियननंतर ओटीपोट सुटलं ते सुटलंच. रोजचा वेश म्हणजे गुडघ्यापर्यंतची कुर्ती आणि जीन्स, पायात कोल्हापुरी किंवा स्पोर्ट्स शूज. जाणं-येणं स्कूटरवर.

दिवाळीत लेक पुण्याहून आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं माझं कपाट उघडलं, पाच स्किनी जीन्स काढून पलंगावर टाकल्या आणि म्हणाली, "आई, हे आता कोणी घालत नाही. हे बघितलं की लोकांना लगेच वय कळतं." मग तिनंच माझ्यासाठी ऑनलाइन एक वाइड लेग मागवली. घालून बघितली तर कंबरेला मागून हात जाईल एवढी फट आणि पाय जमिनीवर लोळतायत. मिस्टर "छान आहे" म्हणाले, पण मोबाइलमधून मान वर न करता.

जानेवारीत शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे आणि सगळ्या जणींनी जीन्स घालून यायचं ठरलंय. बूटकट, मॉम, बॅगी, बॅरल अशी नावं ऐकूनच दमायला होतं. माझ्यासारखीला नेमकं काय शोभेल? बारीक दिसेन असं काही असतं का? आणि त्या पाच जीन्स खरंच टाकून देऊ?

ता. क. : नवी जीन्स आधी मिठाच्या पाण्यात भिजवावी असं आई सांगायची. ते खरं का?

गोंधळलेली, नाशिक

•

नमस्कार.

पाचही जीन्स पलंगावरून उचला आणि कपाटात परत ठेवा. टाकायच्या असतील त्या नंतर टाकू.

लेक सांगते ते बातमी म्हणून खरं आहे. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉलेजवयीन मुलींनी टिकटॉकवर स्किनी जीन्सची टर उडवायला सुरुवात केली. आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली होती, म्हणून ती टर इन्स्टाग्रामच्या रील्समधून आली, पण आली. त्याच सुमारास टाळेबंदीत घरोघरी लोक पायजम्यात बसून काम करत होते. त्या सवयीनंतर पोटऱ्यांना चिकटणाऱ्या कापडात पाय कोंबायचा उत्साह कोणालाच उरला नव्हता. दुकानदारांना तर हे हवंच असतं. कपाटात पाच धडधाकट जीन्स असताना बाई सहावी कशाला घेईल? त्या पाच जुन्या झाल्या असं तिला वाटलं, तरच.

स्किनीसुद्धा अशीच कोणाला तरी हुसकून आली होती. २००० च्या आसपास बेंबीखाली चार बोटं बसणारी लो वेस्ट बूटकट होती. वाकलं की मागून शर्ट ओढायला लागायचा, आठवत असेल. त्याआधी नव्वदच्या दशकात ढगळ जीन्स, ऐंशीत दगडांबरोबर घुसळून फिकी केलेली स्टोनवॉश, सत्तरीत बेलबॉटम. आज तुमच्या लेकीनं मागवलेली वाइड लेग घालून तुमच्या आई-वडिलांच्या पिढीतल्या कोणासमोर उभ्या राहा, त्यांना त्यात नवं काही दिसणार नाही. आणि बातमी अशी की लो वेस्टही परत आली आहे. लेक ती घेऊन आली तर तिला घालू दे, तुम्ही लांब राहा. कारण पुढे येईलच.

या सगळ्या उलथापालथीत सरळ पायाची जीन्स कधी पूर्ण गेली नाही. १८७३ मध्ये जेकब डेव्हिस या शिंप्यानं आणि लेव्ही स्ट्रॉस या कापडव्यापाऱ्यानं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे चपट्या डोक्याचे बारीक खिळे, ठोकायचं पेटंट घेतलं, तेव्हा ती मजुरांची विजार होती. दिवसभर वाकून, उकिडवं बसून काम करता यावं एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पुढे कोणी तो पाय घोट्याशी आवळला, कोणी गुडघ्याखाली फुलवला, कोणी सगळाच मोकळा सोडला, आणि दर वेळी त्याला नवीन नाव मिळालं. म्हणून नावं ऐकून दमू नका. नाव हे फक्त तीन-चार मापांचं मिश्रण असतं, आणि ती मापं घेता येतात.

आपल्या पिढीला हे खरं तर माहीत होतं. १९९५ मध्ये अरविंद मिल्सनं 'रफ अँड टफ' नावानं न शिवलेल्या जीन्सचं पाकीट १९५ रुपयांना काढलं होतं. आत डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायचं लेबल. शिवायची आपल्या गल्लीतल्या टेलरकडून. तो टेलर कंबर घ्यायचा, सीट घ्यायचा, मांडी, गुडघा, बॉटम, लांबी, सगळं वहीत लिहून घ्यायचा. तयार जीन्स स्वस्त झाल्या आणि ती वही गेली. आता आपण दुकानात जाऊन एकच आकडा सांगतो, ३२ किंवा ३४, आणि उरलेलं नशिबावर सोडतो. तुमची तर सगळी अडचणच त्या उरलेल्यात आहे. कंबर तुमची बारीक आहे.

आता लेकीनं लक्षात न घेतलेली गोष्ट. वाइड लेग घालणाऱ्या मुली वर काय घालतात ते बघा. कंबरेशी संपणारा टॉप, किंवा आत खोचलेला शर्ट. वर आखूड आणि आटोपशीर, खाली घेर. तुम्ही वर घालता गुडघ्यापर्यंतची सरळ कुर्ती. तिच्याखाली घेरदार जीन्स आली की वरपासून खालपर्यंत एकच चौकोन तयार होतो, आणि पाच फूट एक इंच उंचीत त्या चौकोनाला कुठे मोडायला जागाच नाही. आपल्याकडे स्किनी एवढी का रुजली? कुर्तीमुळे. आधी चुडीदार होता, मग लेगिंग आलं, आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी त्याच जागी स्किनी आणली, कारण कुर्तीखाली निमुळता पाय लागतो. अमेरिकेतल्या मुलींना स्किनी नकोशी झाली तेव्हा त्यांच्यापुढे कुर्ती नव्हतीच.

शिवाय तुमच्या बाबतीत तर हा जोड फारच सोयीचा आहे. कुर्ती मांड्या झाकते आणि खाली दिसतात त्या फक्त पोटऱ्या, ज्या तुमच्या बारीक आहेत. तीच स्किनी आखूड टॉपवर घातलीत तर भरलेली मांडी आणि काटकुळी पोटरी शेजारी शेजारी दिसतात, आणि दोन्हींतला फरक आहे त्याहून मोठा वाटतो. तेव्हा कुर्तीच्या दिवशी स्किनी किंवा स्लिम खुशाल घाला, वय कळलं तर कळू दे. आखूड वरच्या कपड्यावर मात्र ती घालू नका. लेकीला एवढाच निकाल सांगा.

पाचपैकी काही मात्र जातील. स्किनी जीन्स अंगाला धरून राहते ती ताणणाऱ्या धाग्यामुळे, ज्याला आपण लायक्रा म्हणतो. ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तो शोधला. डेनिममध्ये तो शेकडा एक-दोन असला तरी कापड ताणतं आणि परत जागेवर येतं. पण हा धागा उष्णतेनं आणि वापरानं मरतो. जीन्स उजेडात धरा. गुडघ्यामागे किंवा सीटखाली कापड लाटांसारखं झालं असेल, बारीक पांढरे धागे बाहेर डोकावत असतील, गुडघ्याला पोक आलं असेल आणि धुतल्यावरही जात नसेल, तर ती संपली. मांड्यांच्या आतली बाजू बोटांनी चाचपा. तिथे कापड झिरझिरीत झालं असेल तर तीही गेली, स्कूटरवर बसताना एक दिवस दगा देईल. माझा अंदाज, दोन-तीन उरतील. तेवढ्या पुष्कळ.

आता टेप घ्या. उरलेल्यांपैकी जी घालून दिवसभर विसरून जाता, जिचं बटण जेवल्यावरही उघडावंसं वाटत नाही, ती पलंगावर सपाट पसरा. चेन आणि बटण लावा. खाली जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथपासून पुढून कंबरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. दुकानवाले याला राइज म्हणतात, आणि माझ्या मते बायकांच्या जीन्समधलं हे सगळ्यात महत्त्वाचं माप आहे. कंबरेपेक्षाही. साधारण ८ इंचांच्या आत असेल ती लो, ९ ते १० च्या आसपास मिड, त्यावर हाय.

तुमचं ओटीपोट सुटलेलं आहे, म्हणजे कंबरपट्टा त्या उंचवट्याच्या मधोमध येता कामा नये. तिथे आला की पोटाचे दोन भाग होतात, वरचा पट्ट्यावरून बाहेर आणि खालचा चेनवर. सिझेरियनचे टाके असतात त्या भागावरही दाब येतो, काही जणींना वर्षांनंतरही तिथे ते सहन होत नाही. लो वेस्ट तुम्हाला नको म्हटलं ते यासाठी. पट्टा उंचवट्याच्या वर, बेंबीच्या जवळपास बसायला हवा. पण फार वरही नाही. तुमच्या उंचीला १२ इंचांची राइज घेतलीत तर बसल्यावर पट्टा बरगड्यांना टोचेल, आणि धड इतकं आखूड दिसेल की लेक पुन्हा कपाट उघडेल. १० ते साडेदहा इंच, त्या आसपास शोधा. हाय वेस्ट असं लेबल बघून घेऊ नका, एका कंपनीची हाय ही दुसरीची मिड असते. ऑनलाइन घेताना मापांच्या तक्त्यात राइज दिली असेल तरच पुढे जा.

मग मांडी. त्या चार शिवणींच्या जोडापासून एक इंच खाली आडवं मोजा आणि दुप्पट करा. तुमच्या स्वतःच्या मांडीचं माप त्याच जागी घ्या. ताणणाऱ्या कापडात जीन्स मांडीएवढी किंवा इंचभर कमी असली तरी चालते. निव्वळ सुती, न ताणणाऱ्या कापडात दीड-दोन इंच जास्त लागतात, नाहीतर पाटावर बसणं विसरा. त्यानंतर खालचा घेर, टेलरच्या भाषेत बॉटम, आणि आतल्या शिवणीची लांबी. हे सगळे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात हेच तुमचं शस्त्र.

आता नावं, झटपट. मॉम जीन्स तुमच्यासाठी नाही, नाव काही असो. ती सीटला आणि मांडीला फुगीर असते आणि घोट्याशी निमुळती, म्हणजे जिथे तुमचं आधीच भरलेलं आहे तिथे आणखी भर. बॅरल म्हणजे गुडघ्याजवळ फुगलेली ढोलकी. उंच, शिडशिडीत मुलीच्या अंगावर ती गंमत म्हणून बरी दिसते. पाच फूट एक इंचात गुडघा कुठे आहे तेच सापडत नाही. बॅगी म्हणजे सगळीकडून ढगळ, बॉयफ्रेंड म्हणजे पुरुषांच्या जीन्ससारखी सैल. दोन्ही तुमच्या सीटला घट्ट बसतील आणि बाकी सगळीकडे लोंबतील, कारण त्या सरळ अंगासाठी कापलेल्या असतात. जेगिंगला, म्हणजे जीन्ससारख्या दिसणाऱ्या लेगिंगला, मी जीन्स मानत नाही, पण हे माझं वैयक्तिक वैर आहे.

बूटकट तुमच्या अंगाला खरं तर छान जाते. गुडघ्याशी आवळलेली आणि खाली १७-१८ इंच घेर, त्यामुळे मांडी आणि पाऊल यांचा तोल साधतो आणि पोटऱ्या दिसतच नाहीत. पण तिला दोन अटी आहेत. तिचा गुडघा तुमच्या गुडघ्यावर आला पाहिजे. उंच बाईसाठी कापलेली बूटकट तुम्ही खालून चार इंच कापून घेतलीत तर फुलणारा भागच कापला जातो, आणि आवळलेली जागा तुमच्या पोटरीवर येते. म्हणून शॉर्ट किंवा पेटीट, म्हणजे कमी उंचीच्या बायकांसाठी कापलेली, मिळाली तरच घ्या. दुसरं, ती जवळजवळ जमिनीपर्यंत लांब आणि थोड्या टाचेवर शोभते. नाशिकच्या पावसात स्कूटरवरून उतरून खड्ड्यात पाय पडला की पोटरीपर्यंत चिखल चढतो. डेनिम एकदा भिजलं की पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, वर कुबट वास. तेव्हा बूटकट ही तुमची ऑक्टोबर ते मेची जीन्स.

बारा महिन्यांची म्हणून सरळ पायाचीच घ्या. स्ट्रेट किंवा स्लिम स्ट्रेट, खालचा घेर १४ ते १६ इंचांमध्ये. मांडीपासून खाली ती पायाला चिकटत नाही, नुसती उभी पडते, आणि म्हणून मांडी-पोटरीतला फरक तिच्या आत राहतो. लांबी घोट्याच्या हाडाच्या जरा वर, तुमच्या उंचीला आतली शिवण साधारण २५-२६ इंच. खाली कोल्हापुरी घातली की घोटा आणि पाऊल दिसतं, पाय मोकळा वाटतो. तीन-चार इंच आणखी आखूड, पोटरीच्या मध्यावर संपणारी मात्र घेऊ नका. पाय जिथे कापला जातो तिथेच नजर थांबते, आणि तुमची उंची तिथे थांबवणं परवडणार नाही. ही सरळ जीन्स आखूड कुर्तीवर चालते, शर्टवर चालते, आणि बाजूला चिरा असलेल्या लांब कुर्तीखालीही चालते.

बारीक दिसण्याचं विचारलंत. जीन्स वजन कमी करत नाही, नजर इकडून तिकडे नेते. मांडीवर फिकट पांढुरका पट्टा घासून काढलेला असेल तर नजर सरळ मांडीवर जाते, म्हणून तुम्ही एकसारखा गडद निळा रंग घ्या. मागचे खिसे नीट बघा, दुकानात कोणी बघत नाही पण रस्त्यावर सगळे तेच बघतात. खिसे लहान आणि एकमेकांपासून लांब असतील तर सीट पसरट दिसते. फार खाली असतील तर सीट उतरलेली वाटते आणि पाय आखूड. मध्यम आकाराचे, जरा वर, थोडेसे आत झुकलेले खिसे उत्तम. कंबरपट्ट्याखाली मागे जी तिरकी शिवण असते, ती सरळ आडवी असण्यापेक्षा मध्यभागी खाली टोक काढणारी असेल तर सीटला उठाव येतो. एवढं केल्यावर जी दिसाल ती दिसाल. बॅचच्या मैत्रिणींनाही पोटं आली असतीलच.

खरेदीला एकट्या जा किंवा मैत्रिणीला न्या. मिस्टरांचं "छान आहे" हिशेबात धरू नका. आणि शक्यतो संध्याकाळी जा, सकाळी पोट आत असतं आणि खरेदी चुकते. एकाच मापाच्या दोन जीन्स ट्रायल रूममध्ये न्या. ही माझी हौस नाही. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापतात, थर जरासे सरकतात. मग शिवून झालेल्या जीन्स धुलाईला जातात आणि तिथे प्रत्येक वेगवेगळी आटते. त्यामुळे एकाच रॅकवरच्या, एकाच लेबलच्या दोन जीन्समध्ये अर्धा-एक इंचाचा फरक सहज निघतो. हे उल्हासनगरात शिवलेल्या जीन्समध्ये जसं होतं तसंच परदेशी नाव लावलेल्या महागड्या जीन्समध्येही होतं.

घातल्यावर आरशात स्वतःला नंतर बघा, आधी सुरकुत्या बघा. चेनच्या खालून दोन्ही मांड्यांकडे पंख्यासारख्या रेषा जात असतील तर मांडीत किंवा सीटमध्ये घट्ट आहे, साइज मोठा मागा. मागे सीटच्या खाली आडव्या घड्या साठत असतील तर मागची बाजू सैल किंवा लांब आहे, ती टेलरलाही धड करता येत नाही, ठेवून द्या. मग खाली वाका, उकिडव्या बसा, स्टुलावर स्कूटरवर बसल्यासारख्या पुढे झुकून बसा. मागचा पट्टा खाली घसरत असेल तर मागची राइज, म्हणजे त्याच चार शिवणींच्या जोडापासून मागच्या पट्ट्यापर्यंतचं माप, तुम्हाला कमी पडतेय. तीही नको. स्टुलावर बसणं वगळू नका, तुमचा अर्धा दिवस खुर्चीत जातो.

ताणणारी जीन्स दुकानात जराशी घट्टच घ्या, तासा-दोन तासांत ती सैलावते. कंबरपट्ट्यात दोन बोटं जातील एवढी. लेबलवर कापसाचं प्रमाण ९८ टक्के आणि ताणणारा धागा २ टक्के असेल तर रोजच्या वापराला चांगलं. लायक्रा चार-पाच टक्क्यांवर गेला की आज सुंदर बसते आणि वर्षभरात गुडघे सोडते.

आता ती मागची फट. भरलेली सीट आणि बारीक कंबर असलेल्या प्रत्येकीचं हे दुखणं आहे, कारण बहुतेक जीन्स कंबर आणि सीट यांत कमी फरक धरून कापतात. 'कर्व्ही फिट' म्हणून काही कंपन्या वेगळा कट काढतात, मिळाला तर आधी तो घालून बघा. नाही मिळाला तर जीन्स नेहमी सीट आणि मांडीच्या मापाची घ्यायची आणि कंबर टेलरकडून आत घ्यायची. उलटं होत नाही. कंबरेच्या मापाची घेऊन मांडी वाढवता येत नाही, तिथे कापडच नसतं. टेलरला सांगा की मागच्या मधल्या शिवणीतून घ्यायची आहे, बेल्ट अडकवायचा मधला लूप उसवून, पट्टा कापून, खालच्या तिरक्या शिवणीतून निमुळतं नेत. बाजूच्या शिवणीतून घेतो म्हणाला तर नको म्हणा, खिशांची तोंडं वाकडी होतात. दीड इंचापर्यंत बेमालूम होतं. दोन इंचांच्या पुढे गेलं की मागचे खिसे एकमेकांना भेटायला येतात. काम घरगुती मशीनवर देऊ नका, पट्ट्यापाशी कापडाचे इतके थर असतात की सुई मोडते.

लेकीनं आणलेली वाइड लेग परत करायची मुदत अजून असेल तरी लगेच करू नका. तिची राइज आणि मांडी मोजा. ती बसत असेल तर कंबर वर सांगितली तशी घेता येईल आणि लांबी तर सहज कापता येईल, कारण वाइड लेग मांडीपासून खालपर्यंत जवळजवळ एकसारखी रुंद असते. बूटकटसारखा तिचा आकार बिघडत नाही. कापायच्या आधी एकदा धुऊन वाळवा, सुती डेनिम पहिल्या धुण्यात आटतं आणि मग घोटा उघडा पडतो. ज्या चपला-बुटांवर घालणार तेच घालून टेलरसमोर उभ्या राहा, आणि जमिनीपासून अर्धा इंच वर खूण करायला सांगा. कुर्ती मात्र तिच्यावर अजिबात नाही. वर कंबरेच्या हाडाशी संपणारा टॉप, किंवा शर्ट पुढून थोडा खोचून. मांडीच्या सगळ्यात रुंद जागी संपणारं काहीही नको. अशी घालून बघा, लेकीचं अगदीच काही चुकलेलं नाही हे कदाचित तुम्हालाही पटेल.

गेट-टुगेदरला तरीही सरळ पायाचीच घाला. दिवसभर बसणं, उठणं, फोटो, कोणीतरी नाचायला ओढणार. जानेवारीत नाशिकला थंडी चांगली असते, तेव्हा जरा जाड कापडाची, १२ औंसांच्या आसपासची जीन्स घ्यायला हरकत नाही (डेनिमची जाडी चौरस यार्डाच्या वजनावरून, औंसांत सांगतात). ती अंगावर नीट उभी राहते आणि ओटीपोटाला थोडं धरून ठेवते. कमी औंसाचं पातळ कापड उन्हाळ्याला बरं, पण आतलं सगळं सांगून टाकतं. वर कमरेखाली दोन-तीन इंचांवर संपणारी हातमागाची आखूड कुर्ती, पायात इंच-दीड इंच टाचेचं काहीतरी. आणि त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी दोन-तीनदा ऑफिसला घालून जा, म्हणजे ती सैलावून तुमच्या अंगाची होईल आणि कुठे टोचतं तेही कळेल.

राहिलं मीठ. आई सांगायची ते इतर काही रंगांच्या बाबतीत असेल, जीन्सच्या निळीला मीठ धरत नाही. ही नीळ सुताच्या आत मुरतच नाही, धाग्याच्या वरच्या थरांवर बसलेली असते आणि गाभा पांढराच राहतो. घासलं की वरची नीळ निघते आणि आतलं पांढरं दिसतं. जीन्स फिकी होते ती अशी, आणि ते थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. उलटी करून, चेन लावून, थंड पाण्यात, कमी साबणात धुवा. ब्रश मारू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री करायचीच तर कोमट, लायक्रा उष्णतेनं मरतो हे वर सांगितलंच. दर वेळी घातली की धुवायची गरज नाही, चार-पाच वेळा घालून मग धुवा. लेव्हीजचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ मध्ये भर कार्यक्रमात सांगितलं होतं की अंगावरची जीन्स वर्षभरात वॉशिंग मशीनमध्ये गेलेली नाही. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेत राहत होते, तुम्ही मे महिन्यात स्कूटरवरून पतसंस्थेत जाता.

नवी गडद जीन्स पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवा. तोवर तिच्यावर पांढरी कुर्ती घालू नका आणि फिकट रंगाची पर्स जीन्सला घासेल अशी अडकवू नका. निळा डाग चामड्यावरून सहजी निघत नाही.